एकच मोबाइल, अख्खा वर्ग

प्रश्न : मी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आंतरवासितेच्या शाळेत सहावीच्या मुलांकडे मोबाइल नाहीत. ऑनलाइन चाचणीची साधनं शिकले, पण वापरू कशी?

उत्तर : प्लिकर्स हे चाचणीचं ॲप वापरून बघा. मोबाइल फक्त तुमचा लागतो. संकेतस्थळावरून कार्डं उतरवून छापा. प्रत्येकावर क्रमांक, काळी आकृती आणि चार कडांना ए, बी, सी, डी असतं. आपल्या उत्तराचं अक्षर वर येईल असं कार्ड मुलानं धरायचं. तुम्ही ॲपमधून कॅमेरा वर्गावर सावकाश फिरवायचा, म्हणजे ॲप कार्डं वाचून प्रत्येकाचं उत्तर टिपतं. कार्डक्रमांक हजेरी क्रमांकाप्रमाणेच ठेवा, नाहीतर वाटपातच तास संपतो. प्रोजेक्टर नसेल तर प्रश्न फळ्यावर लिहा.

चकचकीत लॅमिनेशन मात्र नको. उजेड परावर्तित होतो आणि कार्ड वाचलं जात नाही. साध्या पुठ्ठ्यावर चिकटवा. बोटं आकृतीवर आली तरी तेच होतं. तुम्ही खिडकीकडे पाठ करून उभ्या राहा.

खरी मेहनत पर्यायांत आहे. १/२ + १/३ विचारताना ५/६ सोबत २/५ हवाच, कारण अंशात अंश, छेदात छेद मिळवणारी मुलं तोच पर्याय वर धरतात. तसे बरेच हात दिसले तर पुढचा प्रश्न थांबवून समच्छेद पुन्हा घ्या.