आणखी फ्रेमवर्क पाठ करू का? – नको

तुम्ही लिहिलंय की मोठ्या कन्सल्टिंग कंपनीत ॲनालिस्टच्या जागेसाठी दोन आठवड्यांनी पहिली फेरी आहे, बारा फ्रेमवर्क (धंद्याचे प्रश्न सोडवायचे तयार साचे) पाठ झालीयेत, आता अजून कोणती करू? एकही नको. त्या बारातली आठ विसरलात तरी काही बिघडत नाही.

मी टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलोय. काही वर्षं नव्या उमेदवारांच्या मुलाखती घेत होतो. तेव्हा एक लिफ्टची केस, म्हणजे मुलाखतीत सोडवायला दिलेला धंद्याचा प्रश्न, विचारायचो. आता वापरत नाही, म्हणून इथे सांगतो. लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीची विक्री वर्षभरात 10 टक्क्यांनी वाढली, नफा मात्र घटला. का?

बहुतेक जण माझी केस सांगून संपायच्या आत कागदावर उत्पन्न आणि खर्च अशा दोन फांद्या काढून मोकळे. मग चौकशी सुरू. कच्चा माल महागला? नाही. पगार वाढले? नाही. जाहिरातीवर जास्त गेले? नाही. पाच-सहा 'नाही' ऐकले की चेहरा उतरतो. बिचाऱ्यांची फांदी चुकीची नसते. फक्त धंदा लिफ्टचा आहे हे त्यांनी लक्षातच घेतलेलं नसतं. तेच प्रश्न बिस्किटांच्या कंपनीलाही चालले असते.

एका मुलीने मिनिटभर वेळ मागून घेतला (मागता येतो, कोणी नाही म्हणत नाही) आणि विचारलं, "कंपनीला पैसे फक्त लिफ्ट विकून मिळतात, की बसवल्यानंतर देखभालीचेही?" अर्धी केस तिथेच सुटली. या धंद्यात नवी लिफ्ट विकून फार काही सुटत नाही. खरी कमाई वर्षानुवर्षं चालणाऱ्या देखभालीच्या करारांत असते. मग मी आकडे दिले. नव्या लिफ्टची विक्री 400 कोटींवरून 500 कोटी, त्यावर नफा 5 टक्के. देखभाल 200 कोटींवरून 160 कोटी, त्यावर नफा 25 टक्के. ही टक्केवारी दोन्ही वर्षी तीच.

ती मोठ्याने हिशेब करत होती. गेल्या वर्षी 20 अधिक 50, म्हणजे 70. यंदा 25 अधिक 45, म्हणजे 70. मग थबकली. "नफा घटलाय म्हणालात, माझा तर तेवढाच येतोय. थांबा. 160 चा पाव हिस्सा 40. म्हणजे 65." आणि न विचारता पुढे: "मार्जिन तेवढंच आहे, म्हणजे दर पाडलेले नसावेत. गिऱ्हाइकंच गेली असावीत. बाहेरचे मेकॅनिक स्वस्तात करून देतायत का?"

तिची चूक झाली होती, तरी मी तिला वरच्या यादीत टाकलं. खरं सांगायचं तर त्या चुकीमुळेच टाकलं. तिने ती स्वतः पकडली, आणि प्रत्येक आकड्यानंतर तिच्या तोंडी 'म्हणजे' येत होतं. क्लायंटसमोर अशा माणसाला शेजारी बसवायला भीती वाटत नाही.

माझं स्वतःचं काय झालं होतं तेही ऐका. पहिल्याच मुलाखतीत अंदाजाचा प्रश्न: दहा लाख गाड्या असलेल्या शहरात वर्षाला किती टायर विकले जातील? चार टायर, चार वर्षं टिकतात असं धरलं. उत्तर दहा लाख यायला हवं. मी एक शून्य जास्त टाकलं आणि ठणकावून सांगितलं, एक कोटी. समोरच्याने शांतपणे विचारलं, "खात्री आहे?" मी म्हणालो, हो. दरवर्षी प्रत्येक गाडीला दहा टायर! घरी जाताना डोक्यात प्रकाश पडला.

आता केसची पद्धत. कोणत्या कंपनीत जाताय हे लिहिलं नाहीत, म्हणून ढोबळ सांगतो. मॅकिन्झीत बहुधा मुलाखत घेणाराच एकेक प्रश्न पुढे करत जातो. बीसीजी आणि बेनमध्ये गाडी बरीचशी तुम्हालाच चालवावी लागते: कुठे खणायचं, कोणता आकडा मागायचा, कधी थांबायचं. दुसऱ्या प्रकारात गप्प बसलात तर केस तिथेच बसते. डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय, केपीएमजी यांच्याकडे विभागागणिक फरक पडतो, कधी गटचर्चाही असते. बोलावण्याच्या ईमेलमध्ये काय लिहिलंय ते नीट वाचा.

केसइतकंच महत्त्व तुमच्या अनुभवाच्या प्रश्नांना आहे, आणि तिथे तयारी जवळजवळ कोणीच करत नाही. मॅकिन्झीत तर एकाच प्रसंगावर दहा-पंधरा मिनिटं खोदतात. "आम्ही कार्यक्रम यशस्वी केला" असं म्हणालात की पुढचा प्रश्न ठरलेला: त्यात तुम्ही काय केलंत? समोरच्याने नकार दिला तेव्हा नेमकं काय बोललात? ऐकीव प्रसंग तिसऱ्या प्रश्नाला उघडा पडतो. म्हणून तुमचे खरे तीन प्रसंग निवडा, त्यातला एक भांडणाचा असू द्या. नम्रपणापायी सगळीकडे 'आम्ही' म्हणायची आपली खोड इथे नडते.

हिशेबासाठी रोज वीस मिनिटं कॅल्क्युलेटरशिवाय टक्केवारी आणि भागाकार. पुरे. उरलेला वेळ मित्राला समोर बसवून केस सोडवण्यात घाला. पुस्तकातली केस एकट्याने वाचली की उत्तर आपल्यालाच सुचलं असं वाटतं, तो भास असतो. शक्यतो या क्षेत्रातला नसलेला मित्र पकडा. तुमचं बोलणं त्याला जिथे कळेनासं होईल, तिथे त्याला हात वर करायला सांगा.