वय ४७, दहा वर्षं हाफ मॅरेथॉन पळतोय, काहीच त्रास नाही, तरी कॅल्शियम स्कोअर १६० आला. धावणं बंद करू का?

बंद करू नका. पण तो रिपोर्ट फाइलमध्ये घालून विसरूही नका. कॅल्शियम स्कोअर म्हणजे हृदयाच्या धमन्यांत किती कॅल्शियम साचलंय ते सीटी स्कॅनवरून सांगणारा आकडा.

मी डॉक्टर नाही. वय ५४, नाशिकचा. पहाटे त्र्यंबक रोडला सायकल आणि आठवड्यातून दोनदा गोल्फ क्लबच्या मैदानावर धावणं. चार वर्षांपूर्वी माझा स्कोअर २१० आला. डॉक्टरांनी स्टॅटिनची (कोलेस्टेरॉल कमी करणारी) गोळी लिहून दिली, आणि ‘मी एवढा घाम गाळतो, मला कशाला?’ म्हणून मी आठ महिने ती घेतलीच नाही. ते आठ महिने मला अजून बोचतात. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १५८ होतं, वडिलांना ५६व्या वर्षी झटका आलेला. चढावर दम लागत नाही म्हणून या दोन गोष्टी पुसल्या जात नाहीत.

तुमच्यासारखे बरेच जण आहेत. २०२३ साली बेल्जियमच्या संशोधकांनी आयुष्यभर एन्ड्युरन्स व्यायाम (लांब पल्ल्याचं धावणं, सायकलिंग वगैरे) करणाऱ्या पुरुषांची तुलना निरोगी, पण खेळाडू नसलेल्या पुरुषांशी केली, तेव्हा खेळाडूंच्या हृदयाच्या धमन्यांत प्लाक, म्हणजे चरबी-कॅल्शियमचा थर, जास्त सापडला. मग व्यायामच घातक का? २०१९ साली अमेरिकेत डॅलसच्या कूपर सेंटरमधल्या २१,७५८ पुरुषांचा अभ्यास आला. खूप व्यायाम करणाऱ्यांत शंभरच्या वरचे स्कोअर थोडे जास्त होते, पण तेवढाच स्कोअर असलेल्या कमी व्यायाम करणाऱ्यांपेक्षा त्यांच्यात मृत्यू जास्त नव्हते. खूप म्हणजे किती? आठवड्याला साधारण पाच तास पळण्याइतका किंवा त्याहून जास्त. मला धीर आला तो हे वाचून.

प्रश्नात तुम्ही एलडीएल, बीपी, साखर आणि घरातला हृदयविकार यांबद्दल काहीच लिहिलेलं नाही. खरा निर्णय तिथे होतो. लिपोप्रोटीन-ए (रक्तातला कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण) एकदा तपासून घ्या. ते बरंचसं आनुवंशिक असतं, पळून कमी होत नाही. स्टॅटिन सुरू झालं तर वर्षभराने पुन्हा स्कोअर काढून घाबरू नका. गोळीने प्लाक घट्ट होतो, त्यामुळे आकडा वाढूही शकतो. आणि या स्कॅनमध्ये मऊ प्लाक दिसत नाही, म्हणून शून्य आलेल्या मित्रांनीही निर्धास्त राहू नये.

एक कळकळीने सांगतो. राइडनंतर मिसळ खाणारे आम्ही छातीतली जळजळ मिसळीवर ढकलतो. चढावर छाती आवळली आणि थांबल्यावर मोकळी झाली, किंवा नेहमीच्या वेगात अचानक धाप लागली, तर ते पित्त समजू नका. तिथेच उतरा, कोणाला तरी फोन करा. थांबूनही कळ गेली नाही तर थेट हॉस्पिटल गाठा. तुम्हाला आज त्रास नाही, तरी पुढची शर्यत भरण्याआधी रिपोर्ट हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा आणि स्ट्रेस टेस्ट (ट्रेडमिलवर चालवून हृदयाची तपासणी) हवी का ते विचारा.