हिवाळ्यात मंडईत कॅमेरा घेऊन फिरताना

रस्त्यावरच्या जीवनाची छायाचित्रे काढायला (स्ट्रीट फोटोग्राफी) शिकताना पुण्याच्या मंडई-तुळशीबाग परिसरापासून सुरुवात करण्याचा विचार उत्तम आहे. जानेवारीत तेथे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो आणि उन्हे बराच वेळ तिरपी राहतात. त्यामुळे साडेसात ते साडेनऊच्या दरम्यान महात्मा फुले मंडईच्या दगडी इमारतीभोवती मटारच्या ढिगांवर आणि हरभऱ्याच्या जुड्यांवर जो प्रकाश पडतो, तो दुपारी मिळत नाही.

सोबत ३५ मिमीची एकच लेन्स न्यावी. शटर (प्रकाश आत येऊ देण्याचा वेळ) १/२५० सेकंदावर आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) ऑटोवर ठेवल्यास चालती माणसे हललेली येण्याची नेहमीची तक्रार बहुतांशी मिटते.

याहून मोठी चूक म्हणजे दिसेल त्याच्या मागे धावणे. त्याऐवजी ऊन आणि सावलीची रेषा जेथे स्पष्ट दिसते तेथे पंधरा-वीस मिनिटे उभे राहावे, एक्स्पोजर (चित्र किती उजळ यावे ते) उन्हातल्या भागावर ठरवावे आणि एखादा हमाल डोक्यावरची पाटी सावरत त्या उजेडात शिरला की बटण दाबावे. दुरून झूम लावून चोरून टिपलेले चेहरे बहुधा निर्जीव वाटतात, म्हणून विक्रेत्याला सरळ विचारावे. मात्र त्याची भवानी व्हायची असेल, तर गाळ्यासमोर उभे राहून गिऱ्हाईक अडवू नये. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) आणि फिल्टर यांचा विचार तूर्त नको.