ऑनिंग लावताय? आधी पाणी कुठं जाईल ते बघा

प्रश्न (चिपळूण): आमची रस्त्यालगत बेकरी आहे. शटरवर 10 फूट रुंद आणि 6 फूट पुढे येणारं पीव्हीसी कापडाचं ऑनिंग (पाइपांवर ताणलेलं कापडी छप्पर) केलंय. दर पावसाळ्यात मधोमध पोट सुटतं, पाणी साचतं, मग पोरगा खालून काठीनं ढोसतो आणि ते नेमकं गिऱ्हाइकाच्या अंगावर जातं. फॅब्रिकेटर म्हणतो या वेळी जाड कापड घ्या. घेऊ का?

उत्तर: नका घेऊ, जाड कापडालाही पोट सुटणारच, कारण दुखणं कापडाचं नाहीये, उताराचं आहे. टेप घ्या आणि भिंतीकडची पट्टी नि पुढचा पाइप यांच्या उंचीत किती फरक आहे ते मोजा. 6 फुटांना निदान दीड फूट उतार पाहिजे, आणि तुमच्याकडचा पाऊस बघता मी दोन फूट म्हणेन. हा उतार कमी का ठेवतात तेही सांगतो, पुढचा पाइप माणसाच्या डोक्याला लागू नये म्हणून तो सात-साडेसात फुटांच्या खाली आणता येत नाही आणि वर दुकानाचा बोर्ड आडवा येतो, मग बिचारा फॅब्रिकेटर मधल्यामध्ये जेवढं बसेल तेवढं बसवतो. त्यापेक्षा बोर्ड काढा, ऑनिंग वर न्या आणि बेकरीचं नाव पुढच्या झालरीवर छापून घ्या, रस्त्यावरून तेच आधी दिसतं. हे जमत नसेल तर 6 फुटांचा हट्ट सोडून साडेचार करा.

साचलेलं पाणी म्हणजे किती वजन याचा आपल्याला अंदाज नसतो. एक चौरस मीटर जागेत 5 सेंटीमीटर पाणी साचलं तर ते 50 लिटर, म्हणजे 50 किलो झालं. त्यानं कापड आणखी ताणतं, ताणलं की आणखी साचतं. ती काठी तर आजच्या आज बंद करा, टोक लागतं तिथंच कोटिंगला चीर जाते. नवीन करताना दर अडीच-तीन फुटांवर भिंतीकडून पुढच्या पाइपापर्यंत उतारानं जाणारे पाइप घ्या, कापडाचे जोडही भिंतीकडून पुढे असे उतारानं जाऊ द्या, आडवे नकोत कारण आडव्या जोडाशी पाणी अडतं. आणि पुढच्या कडेला आयलेट (कापडातल्या भोकाला बसवायची धातूची कडी) मारून दोरीनं बांधायला सांगा, पीव्हीसी उन्हात सैल पडतं, मग मे अखेरीला एकदा दोरी आवळून घेता येते.

आता वारा, हे तुम्ही विचारलेलं नाही पण मी सांगणारच. ताशी 60 किलोमीटरचा वारा तुमच्या या 60 चौरस फुटांवर साधारण 95 किलोचा जोर लावतो, आणि वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. खालून घुसला की सगळं उचलायलाच बघतो. त्यात तुमच्याकडच्या बऱ्याच भिंती जांभ्याच्या, जांभा सच्छिद्र, फासनर (भिंतीत ठोकलेला बोल्ट) आत घट्ट बसल्यासारखा वाटतो आणि एका वादळात चिऱ्याच्या भुग्यासकट बाहेर येतो. एकतर स्लॅबच्या किंवा लिंटलच्या (दारावरच्या आडव्या पट्ट्याच्या) काँक्रीटमध्ये धरा, नाहीतर भिंतीतून आरपार बोल्ट आणि आतून लोखंडी प्लेट. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पाइप असेल तर वेल्डिंगच्या जागी जस्त जळून जातं, तिथं झिंकचा पेंट मारून घ्या, नाहीतर गंज तिथूनच सुरू होणार. आणि ऑनिंग फुटपाथवर येत असेल तर नगरपरिषदेत आधी विचारा, लावून झाल्यावर नोटीस आली की डबल खर्च.

प्रश्न (वाकड, पुणे): आठवा मजला, बेडरूमची 4 फूट उंच खिडकी पश्चिमेला. जाड पडदे लावले तरी संध्याकाळी खोली भट्टी झालेली असते. वर दोन फुटांचं सरळ ऑनिंग पुरेल का?

उत्तर: पडद्यानं उजेड अडतो, पण ऊन काचेतून आत आल्यावर उष्णता आतच राहते, त्यामुळे ऊन बाहेरच अडवायचं ही तुमची दिशा बरोबर आहे, फक्त सरळ नको. मे महिन्यात पुण्यात दुपारी चारला सूर्य क्षितिजापासून साधारण 40 अंशांवर असतो आणि पाचला 27 वर, म्हणजे जवळजवळ समोरून येतो. दोन फूट सरळ छपराची सावली पाचला एक फूटच पडते. तेच दोन फूट पुढे आणि पुढची कड दोन फूट खाली असं तिरकं केलंत तर चारला जवळपास पूर्ण खिडकी झाकते, पाचलाही तीन फूट. याला ड्रॉप आर्म म्हणतात, कापड वर गुंडाळता येतं. कापड सोल्युशन डाइड अॅक्रेलिक घ्या, त्यात रंग धाग्याच्या आतपर्यंत असतो म्हणून लवकर विटत नाही. महाग आहे, पण पश्चिमेला पैसे वाया जात नाहीत.

आठव्या मजल्यावर वारा सुटला की गुंडाळायचंच, घरी कोणी नसेल तर उघडं ठेवून जायचं नाही. भिंत एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या विटांची) असेल तर साधा रावल प्लग (स्क्रूसाठीची प्लास्टिकची खुंटी) चालत नाही, केमिकल अँकर (भोकात रसायन भरून पक्का केलेला बोल्ट) घ्या किंवा बीममध्ये धरा. सोसायटीची एनओसी लेखी घ्या, बहुतेक ठिकाणी रंगावरून वाद होतात, तेव्हा कापडाचा तुकडा अर्जालाच जोडा.

प्रश्न (नाशिक): कॅफेच्या गुंडाळणाऱ्या अॅक्रेलिक ऑनिंगवर काळे ठिपके आलेत. कापड खराब निघालं का?

उत्तर: बहुतेक नाही. बुरशी अॅक्रेलिकच्या धाग्यावर नाही, त्यावर बसलेल्या धुळीवर नि तेलकटपणावर वाढते, आणि कॅफे म्हटल्यावर किचनची वाफ आलीच. रात्री ओलं गुंडाळता का ते स्टाफला विचारा. नाइलाजानं गुंडाळलंच तर दुसऱ्या दिवशी उघडून वाळवायचं. धुताना कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, प्रेशरचा जेट अजिबात नको, त्यानं वरचं पाणी न धरणारं फिनिश निघून जातं. धुऊन वाळल्यावर वर पेलाभर पाणी टाकून बघा, थेंब होऊन घरंगळलं तर फिनिश शाबूत आहे, मुरलं तर वॉटर रिपेलंट स्प्रे मारायचा, पण कापड पूर्ण कोरडं असतानाच.