हॉरर रिमेक करायचाच असेल तर

मूळ सिनेमा जसाच्या तसा उतरवायच्या भानगडीत पडू नकोस. १९९८ साली गस व्हॅन सँटने हिचकॉकचा ‘सायको’ जवळजवळ शॉटला शॉट लावून, रंगीत करून काढला; संगीतही मूळ संगीतकार बर्नार्ड हर्मनचंच. सगळं जागच्या जागी, भीती तेवढी गायब.

त्यापेक्षा जॉन कारपेंटरचा ‘द थिंग’ (१९८२) बघ, १९५१ च्या मूळ सिनेमाशेजारी ठेवून. जुन्यातला परग्रहवासी म्हणजे एक धिप्पाड माणूस, बघताक्षणी ओळखू येणारा. कारपेंटर मागे गेला तो थेट जॉन कॅम्पबेलच्या १९३८ च्या कथेकडे, जिथे तो प्राणी कुणाचंही रूप घेतो. कोण माणूस आणि कोण तो प्राणी, हे शोधायच्या रक्ततपासणीचा प्रसंग दोनदा बघ. काचेच्या बशीत एकेकाचं रक्त, त्यात तापलेली तार, चर्र आवाज, पुढचा. घाबरायचं ते शेजारी बांधलेल्या माणसाला. (तेव्हाच्या समीक्षकांनी झोडपलाच होता म्हणा.)

तर आधी मूळ कथा मिळव, असेल तर. जुन्या सिनेमात काय गाळलंय ते वहीत उतरव. आणि मोबाइलचं काय करणार ते पहिल्या ड्राफ्टलाच ठरव. ‘रेंज नाही’ हे आता कुणी ऐकून घेत नाही.