13 किलोचा थोरला आणि बाविसावा आठवडा

प्रश्न : मला बाविसावा आठवडा सुरू आहे. थोरला अडीच वर्षांचा, 13 किलोचा, आणि कडेवरून खाली उतरायला तयार नसतो. ऑफिसात मी रेकॉर्ड विभागात आहे, तिथे फायलींचे खोके काढावे-ठेवावे लागतात. सासूबाई म्हणतात, बादलीसुद्धा उचलू नकोस. नवरा म्हणतो, तब्येत ठणठणीत आहे, मग काय हरकत? दिवस गेल्याचं कळलंही नव्हतं, तेव्हा घर बदलताना मी बरंच जड सामान उचललं होतं. त्याचा बाळाला त्रास झाला असेल का?

उत्तर : शेवटचं आधी घेते, कारण झोप त्यानेच उडाली असणार. नाही, त्या सामानाचा विचार सोडून द्या. इतक्या सुरुवातीला गर्भाशय ओटीपोटाच्या हाडांच्या आड असतं, आणि वजन उचलल्याने बाळात व्यंग येत नाही. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात. तरी खापर फुटतं ते बाईने उचललेल्या एखाद्या वस्तूवर. याची मला खरोखर चीड येते. रोजच्या रोज, वारंवार जड उचलण्याच्या कामात धोका थोडा वाढलेला अभ्यासांत दिसतो, हे खरं. पण तुमचं सामान हलवणं त्यात बसत नाही.

आज काळजी घ्यायची ती तुमच्या पाठीची. गरोदरपणातल्या हार्मोन्समुळे सांधे धरून ठेवणारे लिगामेंट्स सैल पडतात, पोटामुळे तोल पुढे जातो. शिवाय पोट मधे येत असल्याने वस्तू अंगाशी धरताच येत नाही, आणि ती जितकी लांब, तितका कमरेवरचा ताण जास्त.

म्हणून नुसतं ‘किती किलो’ विचारून भागत नाही. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी निरोगी गरोदर स्त्रियांसाठी मर्यादा सुचवल्या आहेत : कधीतरीच आणि अंगाजवळ धरून उचलायचं असेल तर विसाव्या आठवड्यापर्यंत साधारण 16 किलो, त्यानंतर 12. तेच काम दिवसभर चालणार असेल, तर विसाव्या आठवड्यानंतर 6 किलोच्या आसपास. जमिनीवरून उचलणं आणि डोक्याच्या वर ठेवणं दोन्ही टाळायचं.

आता तुमचे खोके. ते मधल्या फळीवर, कमरेच्या उंचीला आणून घ्या आणि अर्धेच भरा. खालच्या-वरच्या फळ्या सहकाऱ्यांकडे. हे दिवसभराचं काम असेल तर तुमच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या आणि काही महिन्यांसाठी दुसरं काम मागा. त्यात संकोच कसला?

थोरला हिशोबाने 12 च्या वर जातो, वर तो हातपाय झाडतो, जे खोका करत नाही. तरी त्याला उचलणं पूर्ण बंद करा असं मी सांगणार नाही; सांगितलं तरी तुम्ही ऐकणार नाही. त्याला आधी खुर्चीवर किंवा सोफ्यावर चढू दे, तिथून घ्या. जमिनीवर लोळण घेतली तर तुम्हीच खाली बसा आणि मांडीवर घ्या. दर वेळी एकाच कडेवर नको, आणि त्याला घेऊन जिना तर नकोच.

काहीही उचलताना पाय फाकवून उभ्या राहा, गुडघ्यांत आणि खुब्यात वाका, वस्तू अंगाशी घ्या आणि उचलताना श्वास सोडा. श्वास कोंडून जोर लावला की ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर दाब येतो. वळायचं तर पावलं वळवा, कंबर पिरगाळू नका.

सासूबाईंचं म्हणणं काही जणींच्या बाबतीत बरोबर असतं. वार खाली असेल, रक्तस्राव झाला असेल, गर्भाशयाचं तोंड आखूड असेल किंवा टाका घातला असेल, आधीचं बाळंतपण वेळेआधी झालं असेल, रक्तदाब वाढलेला असेल, तर वरचे आकडे विसरा आणि तुमच्या डॉक्टरांना विचारा. यातलं काही नसेल तर अर्धी बादली खुशाल उचला. नवऱ्याला मात्र सांगा, ‘तब्येत ठणठणीत’ म्हणजे भरलेली बादली त्याने उचलायची.

उठता-वळताना जांघेत क्षणभर ओढल्यासारखं दुखणं या दिवसांत नेहमीचंच. पण रक्त दिसलं, पाणी गेलं, ठरावीक अंतराने पोट आवळायला लागलं, चक्कर आली किंवा बाळाची हालचाल जाणवायला लागल्यानंतर ती कमी वाटली, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.