चीनच्या शिआन शहरातला तो जुना पॅगोडा कोणी बांधला आणि का?
तो 'दा यान था', म्हणजे मोठ्या रानहंसाचा पॅगोडा. शाळेत आपण वाचलेला ह्युएन त्सांग आठवतोय ना, जो पुलकेशी दुसरा राजा असताना आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला आणि इथल्या लोकांबद्दल लिहूनही ठेवलं, तोच ६४५ मध्ये भारतातून ६५७ बौद्ध ग्रंथ घेऊन चीनला परत पोचला आणि ते नीट जपायला त्याने ६५२ मध्ये हा बांधून घेतला. आधी पाच मजले होते, आत माती आणि बाहेरून विटा, त्यामुळे पन्नासेक वर्षांतच ढासळला. मग ७०४ मध्ये सम्राज्ञी वू झेत्यानच्या काळात परत बांधला. १५५६ च्या भयंकर भूकंपात बरंच नुकसान झालं पण पडला नाही! आज सात मजले, उंची साधारण ६४ मीटर, आजूबाजूला मॉल, मेट्रो सगळं. मला तर हा आपलाच वाटतो.